शीघ्र नणंद, मंद भावजय

मांडीला बांधायचा तो पट्टा सांगलीत येण्याआधी आम्हां दोघींना एकमेकींबद्दल फार थोडी माहिती होती, आणि तेवढ्यावर आमचं छान चाललं होतं. माझी नणंद पद्मा जोरात सुटते आणि पुढे ढेपाळते, एवढं मला माहीत होतं. मी रखडत जाते पण थांबत नाही, एवढं तिला माहीत होतं. ती माझ्या चालीला हसायची, मी तिला 'आरंभशूर' म्हणायचे, आणि मग घाटाच्या पायरीवर बसून दोघी एकाच पुडीतलं भडंग खायचो. आता ते दिवस आठवले की वाटतं, अज्ञान इतकं सुखाचं असतं हे मी वर्गात मुलांना कधी सांगितलं नाही ते बरंच झालं.

मी त्रिशला मगदूम. हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झाले. पद्मा ही माझ्या नवऱ्याची, भरतेशची, धाकटी बहीण. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ती कॉलेजात होती आणि शंभर मीटर धावण्यात तिला हात लावणारं कुणी नव्हतं. राज्याच्या संघात तिची निवड व्हायची, तेवढ्यात स्थळ आलं आणि मांडव पडला. काही वर्षांनी, नवऱ्याशी पटेना म्हणून, ती कायमची परत आली. दिवस दिवस खिडकीशी बसून असायची. तिला घराबाहेर काढायचं म्हणून मी तिला कृष्णेवर पोहायला न्यायला लागले. पुढे ती सावरली, दोन गल्ल्या पलीकडे वेगळी राहू लागली; सायकल आली, मग धावणं आलं, आणि तिन्ही एकापाठोपाठ करण्याच्या ट्रायथलॉन नावाच्या वेडात अख्खा घाट ओढला गेला. भरतेश तेवढे कोरडे राहिले. त्यांचा गुडघा तरुणपणीच कामातून गेला होता. ते पायरीवर बसून आमच्या चपला राखायचे आणि कोण कसं पोहतंय यावर, स्वतः पाण्यात पाय न घालता, सल्ले द्यायचे.

कृष्णेत मगरी आहेत हे सांगलीकराला सांगावं लागत नाही. घाटावरच्या जुन्या पोहणाऱ्यांचा असा समज होता, की मगर घोळक्याच्या वाटेला जात नाही, मागे राहिलेल्या एकट्याला धरते. खरं-खोटं मगरीला ठाऊक. पण त्यातून एक रीत पडली होती. जो सगळ्यांत पुढे असेल त्याने पुलाच्या खांबाला हात लावायचा, उलट फिरायचं, सगळ्यांत मागच्यापर्यंत यायचं, त्याला सोबत घ्यायचं आणि मग परत पुढे सुटायचं. याला आम्ही 'फेर घेणं' म्हणायचो. ही रीत आमच्या इतकी अंगवळणी पडली, की दंडोबाचा चढ सायकलवर चढतानाही पुढचा वळून मागच्याकडे यायचा आणि हरिपूरच्या रस्त्यावर चिंचांखालून धावतानाही. तिथे कसली आली मगर! पण कुणी विचारलं नाही. सगळ्यांत मागे बहुतेक वेळा मी असायचे, आणि घ्यायला येणारी पद्मा.

"चला की वैनी, झोपलाय काय?" ती लांबूनच ओरडायची.

"तू हो पुढं. मी आलो." आमच्याकडे बायकाही आलो-गेलोच म्हणतात.

"न्हाई, न्हाई. बरोबर जाऊया."

पुढे मगरींच्या अंगात चिप बसवल्या. एखादी घाटाच्या जवळ आली की भोंगा वाजायचा आणि डोक्यावर ड्रोन घिरट्या घालायचा. भीती संपली, पण फेर संपला नाही. इतकी वर्षं कुणीतरी वळून आपल्याला घ्यायला येतंय, याची सवय लागलेली. ती कोण सोडणार?

तो सोडवला पट्ट्याने.

त्याचं शास्त्र अवघड नाही. आपल्या स्नायूंत मुख्यतः दोन जातींचे तंतू असतात. मंद तंतू प्राणवायू वापरून सावकाश काम करतात आणि तासन्‌तास थकत नाहीत. शीघ्र तंतू एकदम जोर लावतात आणि लवकर दमतात. वर्गात मी चुलीचं उदाहरण द्यायचे. बाभळीचा ओंडका रात्रभर धुमसतो, उसाचं पाचट भडकन पेटून जातं. कुणाच्या अंगात ओंडका जास्त आणि कुणाच्या पाचट, हे बरंचसं जन्मानेच ठरतं. पूर्वी ते मोजायला सुई खुपसून मांसाचा तुकडा काढावा लागे. मग लक्षात आलं, की शीघ्र तंतूंत कार्नोसिन नावाचं द्रव्य जास्त असतं आणि ते चुंबकीय यंत्राने बाहेरूनच मोजता येतं. ते यंत्र खोलीएवढं होतं. ते आटत आटत मांडीवरच्या पट्ट्यात मावलं, तेव्हा खरी गंमत सुरू झाली.

कारण पट्टा नुसतं प्रमाण सांगून गप्प बसत नव्हता. स्नायू कालच्या मेहनतीतून किती सावरलेत, चाल दोन्ही पायांवर सारखी आहे की नाही, हेही तो दिवसभर पाहायचा. एकच सराव दोघांना दिला, तर मंद तंतूंचा माणूस दुसऱ्या सकाळी ताजातवाना असतो आणि शीघ्र तंतूंचा दोन-दोन दिवस आतून थकलेला. तसाच रोज पळवला तर त्याचा वेग मरतो. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या आपण अर्ध्या मुलांना चुकीचं पळवत होतो आणि वर त्यांनाच आळशी म्हणत होतो. सहा महिन्यांत शाळांनी खेळाच्या तासाला मुलांच्या दोन रांगा केल्या. वधूवर मंडळाच्या जाहिरातीत 'शीघ्र असल्यास प्राधान्य' असं छापून येऊ लागलं. कशात प्राधान्य, ते त्यांचं त्यांना माहीत.

विश्रामबागेत पट्ट्याचं केंद्र काढलं ते तन्वीर मुजावरने. हा माझा जुना विद्यार्थी, आता मोठा प्रशिक्षक, तरी मला बघितलं की अजून उभा राहतो. त्याने आम्हां दोघींना पट्टे बांधले आणि पडद्याकडे बघून जरा चाचरला.

"बाई, तुमी मंद आहात."

"बत्तीस वर्षं मी पोरांना हेच म्हणत होते, आज फिटलं," मी म्हटलं. भरतेश इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

पद्माचा आकडा दुसऱ्या टोकाचा निघाला. सबंध केंद्रात तिच्याएवढे शीघ्र तंतू कुणाचे नव्हते. तन्वीर तिला समजावून सांगत होता, की तुम्ही मागे पडायचात त्यात जिद्दीचा काही प्रश्न नव्हता, तुम्हांला विश्रांतीच मिळत नव्हती. ती ऐकत होती आणि ऐकता ऐकता तिचे डोळे भरून आले.

"म्हंजे मी आरंभशूर न्हवं, वैनी."

मला इतकी लाज वाटली, आणि इतका आनंदही झाला, की मी तिचा हात धरून नुसती बसून राहिले. खिडकीशी बसून असलेली ती बाई मला पहिल्यांदाच अगदी पुरती गेल्यासारखी वाटली.

आणि त्याच आठवड्यापासून आमचं बरोबर जाणं संपलं. तिचा सराव थोडा वेळ, जीव खाऊन, आणि मग दोन दिवस पूर्ण आराम. माझा रोजचा, लांबलचक, संथ. तिच्या वारी मी नाही, माझ्या वारी ती नाही. घाटावरच्या इतरांचंही तेच झालं. ज्याची त्याची वेळ, ज्याचा त्याचा पट्टा. मी एकटीच खांबापर्यंत जायचे आणि पट्ट्याला जोडलेलं कानातलं यंत्र गोड आवाजात म्हणायचं, 'कृपया वेग कमी करा.' जन्मात मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पद्मा असती तर या एका वाक्यावर आठवडाभर हसली असती, पण तिला ते सांगायलाही गाठ पडेना.

ती मात्र बदलत गेली. खांदे भरले, चालण्यात ऐट आली. पन्नास ते साठ वयाच्या गटात भारताचा संघ पोर्तुगालला जाणार होता आणि प्रत्येक गटातून एकच बाई घेणार होते. निवडीच्या दोन शर्यती, एक धोम धरणावर आणि एक गोव्यात. दोन्हींचे गुण एकत्र धरणार, आणि गोव्याचे दुप्पट. तन्वीरला खात्री होती. पद्मा तोंडाने काही बोलायची नाही, पण एकदा मी तिला आरशासमोर छातीवर तळहात ठेवून उभी असलेली पाहिली. निळ्या जर्सीवर देशाचं नाव जिथे असतं, बरोबर तिथे. कॉलेजात हुकलेलं तिला या वयात मिळायचं होतं. माझ्यासाठी मला कधी काही हवंसं वाटलं नव्हतं, तितकं ते तिच्यासाठी हवं होतं.

धोमला मीही नाव दिलं. आमच्या गटात मोजक्या बायका होत्या आणि पद्मा म्हणाली, "वैनी, तुमी असलात की पोटात गोळा येत न्हाई."

वाईच्या बाजूने वारा सुटला होता. आधी धरणात पोहणं, मग सायकल, मग धावणं. शर्यतीत कानात यंत्र चालत नाही, त्यामुळे सांगणारं कुणी नाही. भोंगा झाला आणि पद्मा अशी सुटली की बाकीच्या तिच्या फेसातच राहिल्या. मी नेहमीप्रमाणे शेवटची. मान खाली घालून हात मारत होते. मध्येच दिशा बघायला डोकं वर काढलं, तर एक पिवळी टोपी समोरून माझ्याकडेच येत होती. क्षणभर वाटलं मीच उलटी चाललेय.

ती पद्मा होती. वळण दाखवायला तरंगत ठेवलेल्या बोयाला हात लावून ती वळली होती, सगळ्यांना ओलांडून मागे आली होती. माझ्यापाशी पोचली, डोळ्यांवरचा चष्मा वर केला आणि म्हणाली, "चला की वैनी."

"अगं पद्मा, शर्यत आहे ही! फीर! फीर माघारी!"

तिचा चेहरा मी विसरणार नाही. झोपेतून दचकून उठलेल्या माणसाला आपण कुठे आहोत ते कळत नाही, तसा झाला. मग ती वळली आणि जी गेली ती गेली. सायकलवर तिने एकेकीला मागे टाकलं, धावण्यात तर तिच्या जवळपास कुणी नव्हतं. तरी पुण्याची एक बाई तिच्या जराशी आधी फीत ओलांडून गेली. काठावर बघायला आलेले लोक सायंकाळपर्यंत हसत होते. पंचांनी तिला विचारलं, की तुम्हांला पाण्यात चक्कर आली होती का? ती काय सांगणार? मगरीचं सांगणार?

परतीची बस आपोआप चालणारी, तिला ड्रायव्हर नव्हता, त्यामुळे शांतता जास्तच होती. कराड गेल्यावर ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "तुमी मागं नसता तर मी वळलोच नसतो."

तिचं खरंच होतं. म्हणूनच ते लागलं. मी साडीच्या पदराशी चाळा करत सांगलीपर्यंत आले.

सकाळी ती धपाटे घेऊन माझ्या दारात हजर. डोळे सुजलेले. "काल काय बी बोललो मी. मनावर घेऊ नका. गोव्याला तुमी येणार, मी तुमचंबी नाव घातलंय. तुमाला घरी बसवून मला जर्सी नको." मी धपाटा खाल्ला आणि बरं म्हटलं.

त्याच दुपारी मी तन्वीरकडे गेले. पट्ट्याआधी आम्ही मनगटावर बांधायचो त्या जुन्या घड्याळांतली सगळी नोंद त्याने काढून पडद्यावर लावली होती. एक रेघ माझी, सरळ. एक पद्माची, करवतीच्या दातांसारखी.

"बघा बाई. पुढं जोरात, खांबापाशी दम घेणार, तुमच्यापर्यंत हळू, तुमच्याबरोबर विसावा, परत जोरात. आज मी त्यांना यंत्र लावून जो सराव देतो, तोच त्या तुमच्यामुळं इतकी वर्षं करत होत्या. रोजच्या रोज केला, आराम घेतला नाही, एवढीच चूक. न्हाईतर या वयात एवढा वेग राहतोय होय?"

माझा जीव सुपाएवढा झाला. "मग बोलाव की रे सगळ्यांना परत एकत्र!"

तो मान हलवत राहिला. "फेरानं वेग राखला, पण फेर अंगात पण बसला. तुमी मागं आहात हे कळलं की त्यांचं अंग वळणार, बाई. मनानं किती बी ठरवू देत. पोहताना मन कुठं असतंय?"

"म्हणजे मी जाऊ नये."

तो माझा विद्यार्थी. त्याने पडद्यावरची माझी रेघ तेवढी पुसून टाकली.

आता मी 'तुझ्यासाठी येत नाही' म्हटलं असतं तर पद्माने स्वतःच नाव मागे घेतलं असतं. ती मगदुमांची मुलगी, हट्टी. तेव्हा माझ्या गुडघ्याला काहीतरी होणं भाग होतं. अडचण एकच, की पट्टा. तिच्या फोनवर माझा पट्टा दिसायचा आणि माझ्या फोनवर तिचा. माझी चाल ठणठणीत आहे हे तो तिला तासातासाला कळवणार. मी एक दिवस लंगडून पाहिलं. दुपारपर्यंत खरंच कंबर धरली आणि पट्टा म्हणाला, 'चालीत सहेतुक बदल आढळला.' विज्ञानाची निवृत्त शिक्षिका आणि यंत्राने मला नक्कल करताना पकडलं!

तोडगा भरतेशनी काढला. ते काही न बोलता खुर्चीवर बसले, पायजमा वर केला आणि मांडी पुढे केली.

"बांध. माझा गुडघा कधी नव्हे तो उपयोगी पडेल."

पुढचा आठवडा माझा पट्टा नवऱ्याच्या मांडीवर होता. ते बाजारात गेले, जिने चढले, दुपारी घोरले. पद्माचा फोन आलाच. "वैनी, तुमचा डावा पाय एवढा काय ओ लंगडायलाय? पाण्यात जाऊ नका, गपगुमान पडा." तिच्या आवाजात काळजी होती, आणि काळजीच्या तळाशी सुटल्यासारखं काहीतरी होतं. ते तिला स्वतःलाही ऐकू आलं नसेल. मला आलं. मला वाईट वाटलं आणि लगेच वाटलं, बरोबर आहे, तिने का सुटू नये?

तन्वीरचाही फोन आला. "बाई, तुमचे तंतू एका रात्रीत बदललेत. पट्टा म्हणतोय तुमी पुरुष असण्याची शक्यता आहे."

"तुझ्या यंत्रात बिघाड असेल."

तो म्हणाला, "असेल बाई. मी पद्माताईंना सांगतो, गुडघा दुखावलाय, आराम लागेल." वर्गात हा पोरगा खोटं बोलला की मी लगेच ओळखायचे. त्या दिवशी मात्र फार चांगलं बोलला.

गोव्याची शर्यत रविवारी होती. मी घाटावर गेले नाही. स्वयंपाकघरातले डबे काढून पुसत बसले, पुसून झाले की परत पुसले. भरतेश फोन समोर ठेवून त्याच्याकडे टक लावून बसले होते. शर्यत फोनवर दिसत होती, पण बघायचा धीर आम्हां दोघांनाही नव्हता.

फोन वाजला. मागे समुद्राचा आवाज होता आणि माणसांचा गलका.

"वैनी, जिंकलो."

मी हुंदके द्यायला लागले तसे भरतेश घाबरून म्हणाले, "हरली काय?" मी जोरजोराने मान हलवली, त्यावरून त्यांना काहीच कळलं नाही.

"रडताय काय? गुडघा कसाय?"

"बराय गं. तू सांग. कसं झालं?"

तिने सगळं सांगितलं. लाटा कशा होत्या, पुण्याची बाई कुठे मागे पडली, जर्सीचं माप कधी घेणार आहेत. बोलता बोलता ती थांबली. गलक्यापासून लांब चालत गेली असावी, कारण आवाज एकदम जवळून यायला लागला.

"वैनी, बोयापाशी मान वळली बघा माझी. न्हाई वळायचं असं घोकत गेलतो, तरी वळली."

"मग?"

"मागं कोण न्हवतं. म्हंजे होत्या चार बायका. पण कोण न्हवतं. मग गेलो पुढं."

"बरं केलंस," मी म्हटलं. ते अगदी मनापासून म्हटलं होतं. फोन ठेवल्यावर मात्र मी पुसलेल्या डब्यांमध्येच खाली बसले, आणि माझा पट्टा बांधलेल्या पायाने लंगडत भरतेश माझ्यासाठी खुर्ची आणायला गेले.